वाडेगावकर सर काहीच म्हणाले नाहीत

३ जाने. १९७६
डिपार्टमेंटात नवीन अवतार. वाडेगावकर, पुण्याचे. मानवतावादी मानसशास्त्र घेऊन आलेत. माणूस मुळात चांगला, त्याचं नीट ऐकून घेतलं की तो आपला मार्ग आपण काढतो म्हणे. नागपुरात घरमालकाशी गाठ पडायची आहे अजून. मी वर्षानुवर्षं वर्तनवाद शिकवतो, म्हणजे उंदीर. उंदराचं वागणं मोजता तरी येतं. यांना मोजायचंच नाही. सोय झाली.

९ जाने.
वा.नी लायब्ररीमागे सल्लाकेंद्र उघडलं. सल्ला तेवढा मिळत नाही. पोरं रडगाणं सांगतात, वा. तेच वाक्य त्यांना परत करतात. या पोपटपंचीला पगार!

१७ जाने.
आमची धाकटी बहीण कुसुम तिथे जाऊन आली. भाऊ, म्हणजे मी, त्याच कॉलेजात प्रोफेसर, पुढच्या महिन्यात कळमेश्वरच्या मुलाशी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आणि ही जेवताना म्हणते, "बाबा, मले हे लग्न नाही करायचं. वाडेगावकर सर पण तेच म्हणाले." बाबा ताटावरून उठले.

१९ जाने.
वा.ला स्टाफरूममध्ये गाठलं. वा. म्हणतात, मी काहीच म्हणालो नाही, तिचेच शब्द तिला परत दिले. अहो, इथे सर जे उच्चारतात ते पोरं उत्तर म्हणून वहीत उतरवतात! बरं, तुमचं मत काय? तर मत देणं शास्त्रात बसत नाही. हात झटकून मोकळे.

२१ जाने.
कुसुमला विचारलं, काहून वं, लग्न का नको? एम.ए. करायचं आहे. "घरात मले कोणी विचारलंच नाही दादा. तिथं मी बोलून राहिली होती अन् सरांनी मधात तोंड नाही घातलं." आमच्या घरात हे कोणाला जमलेलं नाही. तेवढं वा.च्या पदरात टाकतो, नाइलाजानं.

२५ जाने.
वा.ला घरी बोलावलं, बाबांची समजूत काढायला. पोहे खाल्ले. बाबा म्हणाले, लोकं काय म्हणतील? वा. म्हणाले, म्हणजे तुम्हाला लोकांची भीती वाटते. बाबा आत निघून गेले. यांचं शास्त्र एका खोलीत एका माणसापुरतं. घरात बाप असतो, जात असते, शेजार असतो, त्यांची तिथे सोय नाही. भिकार.

१ फेब्रु.
कळमेश्वरची मंडळी साक्षगंधाची तारीख काढायला आली. कुसुम स्वयंपाकघरात, चहा ओतत होती. मी आत जाऊन म्हटलं, तुझ्या मनात काय आहे ते बाहेर येऊन सांग, सगळे ऐकतील.
ती म्हणाली, "सांगतो ना. मी नाही म्हटलं तर तू माझ्या बाजूनं बोलशील का?"
बाहेरून बाबांनी हाक मारली. मी तिच्या हातातला ट्रे घेतला आणि बैठकीत गेलो. ती आतच राहिली.
मुलगी बाहेर आलीच नाही म्हणून तारीख ठरली नाही. मंडळी पुढच्या रविवारी परत येणार आहेत.