नोटीस बोर्डासह कोर्टात

ती. भाऊसाहेबांना,

साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते आधी कळवा. वहिनींनाही नमस्कार सांगा. माझी तब्येत आहे तशी आहे. झोप येत नाही, पण या वयात ते चालायचंच.

तुमची बहीण गेली तेव्हा तुम्ही येऊन गेलात, त्यानंतरचं लिहितो. सोसायटीतली आमची खोली तिच्या नावावर होती (पगार तिचा, म्हणून मी कधी हरकत घेतली नाही). सोसायटीचा सेक्रेटरी, तो वरच्या मजल्यावरचा शिंपी, त्याने निबंधकांच्या कचेरीत विचारलं की आता नाव कुणाचं लावू. आदेश आला: बाईंनी वारसाच्या फॉर्मात ज्याचं नाव दिलंय त्याचं लावा, आणि नवऱ्याने महिनाअखेर खोली सोडावी. फॉर्म बेचाळीस वर्षांपूर्वीचा. त्या महिन्यात आमचं बोलणं बंद होतं, त्यामुळे त्यात मी नाही. (कोण आहे ते शेवटी लिहितो.)

मी हातपाय गाळून वकिलाकडे गेलो. तो म्हणाला, काका, तुमचं म्हणणं न ऐकता काढलेला आदेश टिकत नाही. सुनावणीची नोटीस मिळाली होती का? मी नाही म्हणालो. त्याने तसं प्रतिज्ञापत्र केलं, मी शपथेवर सही केली. मग त्याने मूळ आदेश मागितला. इथे पंचाईत झाली. सोसायटीत आलेला प्रत्येक कागद जिन्याखालच्या बोर्डावर चिकटवायचा असा आमचा रिवाज, आणि निवृत्त झाल्यापासून ते काम माझ्याकडे. जुन्यावर नवा कागद, भरपूर खळ, खाली तारीख आणि माझी सही. (वाचत बसत नाही. सरकारी भाषेने चौथ्या ओळीला मला भोवळ येते.) आदेशही मीच चिकटवला होता, शेजारणीने वाचून दाखवला तेव्हा कळलं. सोडवायला गेलो तर फाटू लागला, म्हणून अख्खा बोर्डच चादरीत गुंडाळला आणि गाडी करून कोर्टात नेला. (शिपाई म्हणाला, आजोबा, दार कुणाचं काढून आणलंत?)

न्यायाधीश बाईंसमोर बोर्ड उभा केला. सोसायटीच्या वकिलाने आदेशाचा सुटलेला कोपरा नखाने उचलला. खाली सुनावणीची नोटीस निघाली. मलाच उद्देशून; तारीख, माझी सही, सगळं जागच्या जागी. माझा वकील हळूच म्हणाला, "काका, ही वाचली नाहीत?" मी म्हणालो, "चिकटवली की."

बाईंनी नोटीस शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. मग म्हणाल्या, खोट्या शपथेचं नंतर पाहू. फॉर्मातल्या माणसाला बोलवा, त्याचं ऐकून निकाल देते, तोवर यांना राहू द्या. पुढची तारीख एकवीस.

दिवसभर खोलीत बसून असतो. तिचा चष्मा अजून खिडकीत आहे. घर कुणाचं तेच ठरत नाही, तर तो ठेवायचा कुठे?

बाकी काय लिहू.

तुमचा मेव्हणा

ता. क. फॉर्मातलं नाव तुमचं आहे. आधीच लिहायला हवं होतं, धीर झाला नाही. समन्स येईल, तुम्ही प्रतिवादी क्रमांक तीन. अर्जात तुम्हाला ‘संधिसाधू’ म्हटलंय, तो शब्द वकिलाचा, मी नुसती सही केली. एकवीसला या आणि खोली नको असेल तर तसं सांगा. हवी असेल तर आधी मला कळवा, लोकांसमोर ऐकायला लावू नका.

आणखी एक. लॉजवर उतरू नका, सरळ खोलीवर या. आदेश रद्द होईपर्यंत ती तुमचीच आहे. संकोच मी करायचा.