थाळीबडवे

टेकडीवाडी, १२ नोव्हेंबर २०२५

चि. खंडेराव यास बानाआक्काचा आशीर्वाद. वि. वि.

इथं सगळे बरे, शेळ्या धरून. फोनला रेंज नाय, म्हणून दूधवाल्या सर्जेरावाच्या होडीतून चिठ्ठी धाडते. आपल्या प्रेरणाला सिल्लोडचं स्थळ आलंय. सोमनाथ नाव, मक्याच्या आडतीवर कामाला. पोरगी लई खूश हाय. मी तर दोन घरं ओलांडून नांदायला गेले, माझी लेक तरी ह्या बेटावरनं सुटंल.

पण मुलाचे वडील साहेबराव अडून बसलेत. तीरावर त्यांना कुणी सांगितलं, बेटावरच्यांना थाळीबडवे म्हणतात. थाळी वाजवत भीक मागायचे का, म्हणून विचारलं. तू पेपरात लिहून लोकांची सालटी काढतोस, एकदा घरच्यांच्या कामी ये. नाव खरं कशावरनं पडलं ते चांगल्या भाषेत लिहून दे, मी वाचून दाखवीन. आणि लई जाड झालास म्हणं. चालत जा जरा.

धरणासारखा लोभ भरलेला ठेव.
तुझी आक्का

पुंडलिकनगर, १९ नोव्हेंबर

ती. आक्कास खंडूचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमच्या चारी बाजूंना पाणी, आमच्या नळाला तेच पाणी आठवड्यानं. वाटणी न्यायाची झाली: दोघंही अडकलेले. चालायला जातो, टँकरपर्यंत.

साहेबरावांना एवढं वाचून दाखव. बेटावर कुणी भीक मागितली नाही. धरण भरलं, रस्ता बुडाला. होडी तीरावर बांधलेली असे, ती बोलवायला बेटावरून थाळी वाजवत. बेचाळीस वर्षांपूर्वी बानाबाईची आई बाळंतपणात अडली. दहा वर्षांच्या बानाबाईनं थाळी वाजवली. पोर जन्मलं की थाळी वाजवायची रीत, आणि तिचे दिवस भरलेत हे ठाऊक, म्हणून तीरावरच्यांना वाटलं, पोर झालं. त्यांनी आनंदानं उलट थाळ्या वाजवल्या. होडी कुणी सोडलीच नाही. आई गेली, बाळही गेलं. नाव त्या दिवसाचं आहे.

इथून पुढचं फक्त तुला. मी तेव्हा शाळेसाठी तीरावर मावशीकडे होतो. पहिली उलट थाळी माझी. भाऊ झाला म्हणून नाचलो, पाण्याकडे तोंड करून 'थाळीबडवे' असं ओरडलो, पोरांनी ते उचललं. माझं दुसरं काहीच इतकं टिकलं नाही.

लोभ मागायला तोंड नाही, तरी राहू दे.
तुझा खंडू

टेकडीवाडी, ३० नोव्हेंबर

चि. खंडूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

साहेबरावांना वाचून दाखवलं. त्यांचे डोळे भरून आले, तू लिहिलंसच तसं. मग म्हणाले, भिकारी असते तरी चाललं असतं; पण पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, आणि सुनेला इथं कुणाच्या भरवशावर धाडू? खोटं नाय त्यांचं, होडी आजबी तिकडंच बांधलेली असती. स्थळ मोडलं. पाहुण्यांना पोहे दिलेली थाळी प्रेरणानं घासली आन परत दारच्या खुंटीला अडकवली.

तुझं मला ठावं होतं. त्या दिवशी तिकडनं थाळी वाजली तशी मी वळखलं, आपला खंडू हाय. वाटलं, ऐकलं त्यांनी. पळत आत जाऊन आईला सांगितलं, खंडू होडी घेऊन निघालाय. मग मी थाळी वाजवायची थांबवली.

लोभ हाय तसाच हाय.
तुझी आक्का