तपकिरी पँटचे खिसे

४ मार्च

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

तुम्ही नीट पोचल्याचं भाऊजींनी कळवलं. फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही, म्हणून लिहिते.

इकडे ठीक. ह्यांना जाऊन परवा दोन महिने झाले. मी दुकान उघडते. दुरुस्तीला पंखे येतात, मिक्सर येतात. बारा वर्षं ह्यांच्या शेजारी बसून पाहिलं, ते हात आपले आपण करतात. मी बघत बसते.

हत्यारांच्या डब्याने मात्र नाकी नऊ आणले. ह्यांना त्यात न बघता हवं ते सापडायचं. मला करवतीचं पातं सापडलं, तेही बोटाने. तीन टाके पडले. मग ह्यांच्या जुन्या पँटी काढल्या आणि खिसे तेवढे कापून घेतले. दाराआडच्या पिशवीत एक तपकिरी पँट होती, ती उसवून सपाट केली. तिचे मागचे दोन खिसे जागच्या जागी ठेवले, बाकीचे भोवती शिवले. कमरेच्या पट्टीतून काठी घातली आणि दोन खिळ्यांवर टांगलं. आता पक्कड, पाने, टेस्टर सगळं डोळ्यांसमोर. एवढी धड पँट तुम्ही चिंध्यांत कशी टाकलीत, याचं नवल वाटलं.

शिवण पाहून हसाल. वाट चुकलेल्या मुंग्या दिसतात.

तब्येतीला जपा. माया आहे ती तशीच ठेवा.

आपली,
सून


११ मार्च

चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

सवयीने ‘सौ.’ लिहून गेले. कागद कशाला वाया घालवायचा, राहू दे.

बोटाला पाणी लागू देऊ नकोस. मला इथे काही कमी नाही. दोन वेळचं आयतं मिळतं. धाकट्याची बायको उठून पाणीसुद्धा घेऊ देत नाही.

ती पँट चिंध्यांतली नव्हती. मला ती इकडे आणायची होती. घडी करून हातात घेतली, तेवढ्यात गाडी आली म्हणून धाकट्याने हाक मारली. पिशव्या उचलायला हात मोकळे हवे होते, म्हणून पँट दाराआडच्या पिशवीवर ठेवली, ती राहिली. त्या पिशवीत पडेल ते पुसायला जायचं, हा नियम माझाच. तीस वर्षं सगळ्यांना मीच पाळायला लावला. तुला बोल लावत नाही.

एवढंच कळव. नुसती उसवलीस, की कापलीस? उसवली असेल तर तशीच पाठव, मी हाताने शिवेन. मला त्याची तेवढी एक पँट हवी आहे.

लिहीत जा. विसरू नकोस.

आई


१७ मार्च

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

कापली. भिंतीवर लांबीला मावेना, म्हणून पाय गुडघ्यापासून कापले. ते तुकडे ग्रीस पुसायला घेतले होते. तुमचं पत्र आलं तेव्हा कचऱ्याच्या बादलीत शोधले. कचऱ्याची गाडी सकाळीच येऊन गेली होती.

मग दुकानाचं दार लोटून घेतलं, टांगलेलं उतरवलं आणि जमिनीवर पसरून कडा जुळवून पाहिल्या. हाफपँटसुद्धा होईना. आता रडू येईल असं वाटलं. आलं नाही. चहा केला, प्यायले, परत टांगलं.

एक मात्र लपवत नाही. ते टांगल्यापासून कामं वेळेत होतात. काल एका गिऱ्हाइकाने मिस्त्री कुठे आहेत म्हणून विचारलं. मीच, असं सांगितलं. त्याने थोडा वेळ भिंतीकडे पाहिलं आणि मिक्सर ठेवून गेला.

तरी तुम्ही म्हणाल तर उद्या काढते आणि उरलंय तेवढं पाठवते. डबा अजून आहे. तुम्ही सांगाल तसं.

चुकलं ते पोटात घाला.

आपली,
सून


२५ मार्च

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र धाकट्याने वाचून दाखवलं. मग मी एकटीने वाचलं. दोन दिवस खिडकीशीच बसून होते. धाकट्याला वाटलं रागावले. राग नव्हता. जेवत होते, झोपत होते.

काढू नकोस. आणून तरी मी कुठे ठेवणार होते? इथे कपाटातला एक खण माझा. त्यात तळाला ती पँट आणि वर माझ्या साड्या. कोणी पाहिली नसती. मीही नाही. आणि तू परत डब्यात हात घालायला लागलीस तर उरलेली नऊ बोटंही घालवशील. मग मिस्त्रीण कसली?

रविवारी धाकटा मला तिकडे सोडतो. आठ दिवसांसाठी जाते असं त्याला सांगितलंय. कपडे मात्र सगळे भरले. त्याच्या बायकोने पाहिलं आणि पिशवीचे बंद बांधून दिले.

माझ्यासाठी वेगळं काही करू नकोस. दुकानात त्या भिंतीला लागून एक स्टूल ठेव. काम करताना तू उठू नकोस, लागेल ते मी काढून देईन. हत्यारांची नावं मला येत नाहीत, ती सांगत बसू नकोस. नुसता खिसा सांग.

बाकी भेटीत.

आई