उजवा कप्पा

६ फेब्रुवारी १९४६, सातारा
शाळेच्या चढावर आज पुन्हा बसावं लागलं. माझा तिसरीचा वर्ग मी पोचेपर्यंत नुसता ओरडत होता. घरी सासूबाई म्हणाल्या, "आताशा लय धाप लागती गं तुला. पाणी भरू नगंस, मी हाय."
संध्याकाळी इथल्या डॉक्टरांनी नळी लावून बराच वेळ ऐकलं. हृदयात आवाज आहे, जन्मापासूनचा असावा म्हणाले. सांगलीला डॉ. चौगुल्यांकडे क्ष-किरणाचं यंत्र आहे, त्यांना दाखवा. हे म्हणाले, परवाच जाऊ. दिवाळीत लष्करातून सुटून आल्यापासून ह्यांना कशालाच उशीर चालत नाही.

८ फेब्रु., सांगली
गाडीत गर्दी. मिरजेपर्यंत उभे राहिले ते हे, मला जागा मिळाली.
डॉ. चौगुले पन्नाशीचे, बोलणं कमी. काळोख्या खोलीत जाण्याआधी बराच वेळ लाल काचांचा चष्मा लावून बसले होते. मला वाटलं डोळे आले असतील. अंधारात दिसावं म्हणून लावतात.
पाटावर उभं केलं, छातीसमोर काचेचा पडदा. "बाई, हात वर. आता तिरक्या व्हा. अजून थोड्या." काच गार. मी विचारलं, मला दिसेल का? कोणी विचारत नसावं, कारण ते थांबले. मग नर्सला आपल्यामागे आरसा धरायला लावला. फिकट हिरव्या उजेडात एक काळी सावली, मिटत उघडत. वाटलं होतं त्याहून मोठी, आणि सगळी पुढे छातीच्या हाडाला टेकलेली.
"तो उजवा खालचा कप्पा," म्हणाले. "एवढा नसतो."

९ फेब्रु., सांगली
फोटोची फिल्म खिडकीशी धरून दोघांना समजावलं. वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असावं. डावीकडचं रक्त उजवीकडे येतं, म्हणून उजव्याला जन्मभर जादा काम. फुगलाय तो त्यानेच.
हे : "कापून शिवता येत न्हाई?"
"अजून कुठेच नाही."
शिकवायला हरकत नाही, चढ नको. मूल नको. हे शेवटचं त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं, ते बरं वाटलं.

११ फेब्रु., सातारा
ह्यांनी घरात सगळं सांगून टाकलं. सासूबाई नंतर भाकरी थापताना म्हणाल्या, "थोरल्याची पोरं हायेत की दोन." मी न्हाणीत जाऊन रडले. त्यांच्या बोलण्याने नाही. नक्की कशाने ते कळत नाही.

१४ मार्च
पाळी आली नाही. दहा दिवस वर झाले. कोणाला बोलले नाही.

२३ मार्च
काल ह्यांना सांगितलं. उठून बाहेर गेले, विहिरीपर्यंत जाऊन आले. सांगलीचं तिकीट काढतो म्हणाले.

२६ मार्च, सांगली
डॉ. म्हणाले, अजून दिवस थोडे आहेत, गर्भ काढून मोकळं करता येईल. आईच्या जिवाला धोका असला तर कायदा आड येत नाही.
मी विचारलं, तो कप्पा टिकेल की नाही ते फोटोत दिसत नाही का?
"फोटोत आकार दिसतो, बाई. त्याच्यात दम किती उरलाय ते दिसत नाही. काहीजणी निभावतात. काही नाही निभावत. तुम्ही कशातल्या, मला सांगता येत नाही."
धर्मशाळेत हे म्हणाले, "मला पोरगं नको. तू हायेस तेवढं बास." ब्रह्मदेशात किती माणसं गेलेली बघितली ते पहिल्यांदाच बोलले. मी ऐकून घेतलं. मग म्हटलं, मला हवंय.  हे रात्रभर माझ्याकडे पाठ करून झोपले.

२९ मार्च, सातारा
सासूबाई माझ्यावरच उखडल्या. "नातवापायी सून घालवू व्हय आमी? तुला ह्ये शिकवलं कुणी?" तरी दुपारी मुगाचं कढण पुढ्यात आणून ठेवलं. हे अजून धड बोलत नाहीत.

१७ जुलै
शाळेतून रजा. पाय सुजतात. मीठ बंद. बाळ हलतं. काल ह्यांचा हात धरून ठेवला तिथे. काढून घेतला नाही.

२ सप्टेंबर, सांगली
पोटावर शिशाचा पत्रा ठेवून एकच फोटो काढला. जुना नि नवा शेजारी धरले. सावली आधीपेक्षा बोटभर जास्त रुंद. डॉ. म्हणाले, काही बाळाने वर ढकलल्यामुळे असेल, काही खरंच असेल. वेगळं सांगता येत नाही. इथेच राहा म्हणाले. सासूबाई गाठोडं घेऊन आल्या, दवाखान्यातल्या माझ्या कॉटखाली अंथरूण टाकलं.

९ नोव्हेंबर
परवा मुलगी झाली. चिमटे लावून काढली, मला जोर करू दिला नाही. लहान आहे, रडते मात्र खणखणीत. हे आले, बघून दाराबाहेर जाऊन उभे राहिले. सासूबाई म्हणाल्या, "आवं डॉक्टर, सुनेचं बोला आधी." डॉ. म्हणाले, पंधरा दिवस जाऊ द्या.

१८ नोव्हें.
आडवं पडवत नाही, उशांवर टेकून झोपते. खोकला. पुन्हा पडद्यासमोर उभं करणार होते, डॉ. म्हणाले उभं राहवेल तेव्हा बघू. हे सातारला परत गेले, कामावरची रजा संपली.
आज बसून पाजलं. मधे दोनदा थांबावं लागलं. पोट भरून झोपली आहे.