पॅकिंग लिस्टमधली एक उशी

विसरभोळ्या नातवा,

तुझं सामान माझ्या दारात उतरलं आणि आजीला कळवायचं विसरलास होय रे? शेजारची मास्तरीण खोक्यांसोबत आलेला कागद वाचते आणि मी सांगते ते लिहिते. पॅकिंग लिस्टमध्ये एक उशी, एक ताट आणि फक्त तुझे कपडे आहेत. शिपर, म्हणजे पाठवणारी, नातसून. कन्साइनी, म्हणजे माल घेणारी, मी. मग तू कोणत्या कंटेनरमध्ये आहेस? तिने तुला बाहेर काढलं की तूच निघालास, काही कळेना. ट्रकवाल्याला विचारलं, तर म्हणाला, "आजी, आम्ही फक्त खोकी पोचवतो." मास्तरीण पाकिटावर घालायला तुझा पत्ता विचारतेय, तुमच्या तिकडच्या घरचा सांगू की इथलाच? ठरेपर्यंत पत्र तुझ्या उशीखाली राहील.

नातसुनेच्या हातची बिस्किटं पाठव. ती देत नसेल, तर रिकाम्या हाताने ये.

तुझी,
कन्साइनी आजी