डंक बंद ठेवायचा दिवस

३ एप्रिल
पुढच्या आठवड्यातल्या, १२ तारखेच्या रविवारच्या सभेसाठी सुरुवात: 'गल्लीतल्या गाळेवाल्यांनो, आपल्यावर साहेब नाही याचा आपण टेंभा मिरवतो. पण आपल्याला रजा नाही, आजारपण नाही, आणि कुणी कानफटात मारली तर तक्रार करायला जायची फुरसतही नाही.' बरी जमलीय. शेवट सुचत नाही.

लालबागेत मसाल्याचा हंगाम. बाया विलासच्या कढईत मिरची-धणे भाजून घेतात आणि पिशव्या गरम असतानाच शेजारी माझ्या डंकावर, मसाला कुटायच्या यंत्रावर, कुटायला बसतात. त्याची चूल विझली तर माझी मुसळं उपाशी.

बिल्डरचा माणूस बबन परत आला. गाळे सोडा. मी कायदा सांगू लागलो. "मास्तर, भाषण सभेत करा. इथे चावी द्या." विलासने भाजायचा झारा उगारला. बबन हसत गेला. ते हसणं आवडलं नाही.

६ एप्रिल
मारलं. भरदुपारी. बबन आणि दोघे, हातात सळ्या. विलासचा हात त्याच्याच कढईच्या काठावर धरला आणि वरून सळी घातली. हाड मोडल्याचा आवाज डंकाच्या ठोक्यातूनही ऐकू आला. मग कढई उलटली. मिरची निखाऱ्यांवर पडली. सगळी गल्ली खोकत, डोळे चोळत.

माझ्याकडच्या बाया मात्र जागच्या हलल्या नाहीत. पदर नाकाला लावून बसून राहिल्या. उठलं की डंकवाला आपला मसाला बदलतो, ही इथली पिढीजात समजूत. प्रत्येकीची नजर आपल्या उखळावर. त्यांच्यात बबनची आई पार्वतीबाई. पोराने तिच्यापासून हातभर अंतरावर माणूस लोळवला. तिचे शब्द: "बबन्या, लांब हो. माझ्या मसाल्यात माती जातली."

सुटं पडलेलं मुसळ उचलून मी बबनच्या खांद्यावर हाणलं. तो गुडघ्यावर आला. पाठ वळली होती, तरी दुसऱ्यांदा हाणलं. डोळे चोळत ते दोघे त्याला ओढून घेऊन गेले. हाणताना गोड वाटलं. हे इथेच लिहितो, सभेत नाही.

७ एप्रिल
विलास हॉस्पिटलात. हात कोपराखाली दोन ठिकाणी गेलाय, मनगट भाजलंय. त्याची बायको सुलभा दारातच: "भाषणं तुमची. हात ह्यांचा."

चौकीवर साहेब म्हणाले, साक्षीदार आणा. आणतो म्हणालो, सगळ्या गल्लीने पाहिलंय. गल्लीत आलो तर सगळे म्हणे तेव्हा आत होते. कुणी माल काढत होता, कुणी जेवत होता. शेवटी शेंगदाणेवाला खरं बोलला: हंगामात एक दिवस बंद ठेवला तर गिऱ्हाईक पलीकडच्या गल्लीत जातं, परत येत नाही.

शाळेत शिकवायचो तेव्हा संस्थाचालक मुलांसमोर वही तोंडावर फेकायचे. उचलायचो. डंक घातला आणि मान ताठ झाली. हे सुख खोटं नाही, कुणी काही म्हणो. पण हीच ताठ मान शेजाऱ्याकडे वळत नाही त्याचं काय?

९ एप्रिल
बाया कच्ची मिरची घेऊन आल्या. मीच भाजायला बसलो. करपवली. एकीने पिशवी माझ्या अंगावर रिकामी केली. बरोबर केलं.

संध्याकाळी बघतो तर समोरच्या धोंडूने कढई मांडलेली. हळदवाला माणूस, जन्मात मिरची भाजली नाही. विलासची गिऱ्हाइकं रांगेत. डोक्यात रक्त चढलं. जाऊन चुलीला लाथ घातली. कढई कलंडली. कॉलर धरून त्याला शटरवर आपटला.

धोंडूच्या ओठातून रक्त. "मास्तर, दुपारपासून तुमच्या डंकात काय कुटलं जातंय? माझंच भाजलेलं. करू बंद?"

कॉलर सोडली. खरंच होतं. उखळात बघितलं होतं, विचारलं नव्हतं.

१० एप्रिल
पार्वतीबाई राहिलेली मिरची घेऊन आल्या. डंकाशी बसल्या. मी हळूच विचारलं, चौकीत याल? "त्येना विलासाक मारल्यान. तू त्येका मारलंस, पाठीमागून. मी दोन्ही बघितलंय. सांगतलंय तर दोन्ही."

मसाला चिमटीत घेऊन हुंगला, डबा बंद केला, गेल्या.

म्हणजे बबन आत, आणि मीही. हंगाम संपेपर्यंत तरी. डंक कोण चालवणार? गप्प बसलो तर गाळा कदाचित राहील. विलासला तो हात पुन्हा वापरता येणार नाही, असं डॉक्टर आज म्हणाले.

दिवसभर मुसळं आपटत होती आणि मी हिशेब, छे, हिशेब कसला, पळवाट शोधत होतो.

१२ एप्रिल, रविवार
सभेआधी लिहितोय. सुरुवात तीच. मधली अवतरणं खोडली, पुस्तकातली मोठी माणसं आज नकोत. धोंडूची माफी सर्वांसमोर मागायची आहे. डंकाचा पट्टा काढून ठेवलाय, म्हणजे सकाळी मोह नको. डंकाचा ठोका नसताना गल्ली ऐकू येते, इतकी वर्षं आली नव्हती.

कोण येईल सांगता येत नाही. धोंडू म्हणाला, बघू. पार्वतीबाईंच्या दाराला सकाळपासून कडी.

शेवट असा: गाळेवाल्यांनो, उद्या दहाला शटर ओढा आणि चौकीवर चला. जे पाहिलंत ते सांगा. बबनचं नाव सांगा. मग माझंही.