फुटपट्टीने सरळ केलेला मासा

प्रिय सूनबाई,

पत्र पाहून घाबरू नकोस, घरात माणसं सगळी धडधाकट आहेत. तुझे सासरे सकाळी पेपर वाचतात आणि दुपारी तोच पेपर तोंडावर घेऊन झोपतात. फोनवर सांगितलं असतं, पण मी बोलायला लागले की आमचे चिरंजीव मध्येच 'आई, मुद्द्यावर ये' म्हणतात. मला मुद्द्यावर यायला वळसा घालावा लागतो हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार! रविवारी तुम्ही टेम्पो घेऊन तुझी माशांची टाकी न्यायला येणार. त्याआधी तुला काही सांगायचंय. गेले दोन महिने मी फोनवर 'मासे अगदी मजेत आहेत' म्हणत आले, ती शुद्ध थाप होती.

जाताना तू टाकीच्या काचेवर कागद चिकटवून गेली होतीस. कुणाला काय घालायचं, किती घालायचं, कशाला हात लावायचा नाही. मी तो वाचला नाही. खोटं कशाला बोलू, वाचायला सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीला राग आला. चाळीस वर्षं शिलाईचं दुकान चालवलेल्या बाईला चार मिशीवाल्या माशांसाठी कागद? तू सांगायचीस, आई, हे सगळे कॅटफिशच, पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. मी म्हटलं, एका कुळातले ना, मग एकाच मापात बसतील. गणवेश नाही का, एक माप घेतलं की वर्गभर चालतो! (चालत नाही. दर जूनमध्ये अर्धा वर्ग बाह्या आखडायला परत येतो. पण हे तेव्हा आठवलं नाही.)

पहिली दया आली ती काचेच्या माशांची. अंगातून आरपार दिसतं, काटा न् काटा मोजून घ्यावा. जळलं मेलं, तू यांना उपाशी ठेवत होतीस की काय, म्हणून मी दिवसातून चारदा खायला घालायला लागले. तिकडे तुझ्या सासऱ्यांनाही तीच दया आलेली, तेही मला चोरून घालत होते. एकमेकांना पत्ता नाही. आठ दिवसांत पाणी खळीसारखं झालं. मासे काही गुटगुटीत झाले नाहीत, काटे होते तस्से दिसतात. आता कळलं, ते तसेच असतात. सडपातळ माणसाला 'जेवत नाहीस का गं' असं रोज विचारून काय होतं, ते मी तुला विचारायला हवं होतं.

मग माझी नजर गेली त्या काच चाटणाऱ्या दाढीवाल्याकडे. दिवसभर आपला त्या काळ्या ओंडक्याखाली पडून. ओंडका सडका दिसला, म्हणून मी तो काढून गच्चीत वाळत टाकला. म्हटलं, उजेडात आला की कामाला लागेल. झालं! घर गेल्यावर तो गेला थेट त्या फुटक्या कुंडीत, जिथे तुझा तो ठिपक्यांचा मासा राहायचा. बरं, जागा आहे तर दोघांनी सरकून बसावं की नाही? नाही! दाढीवाल्याने शेपटीने हाणून हाणून त्याला बाहेर काढला. मी काचेला नाक लावून ओरडत होते, 'अरे, जरा सांभाळून घ्या!' तुझे सासरे पेपरातून म्हणाले, हे वाक्य ओळखीचं वाटतंय. मी लक्ष दिलं नाही.

आता नीट ऐक. बाहेर पडलेला तो ठिपक्यांचा मासा उघड्यावर आला आणि पोट वर करून तरंगायला लागला. अगं बाई, माझा जीव खाली-वर! सूनबाईचा लाडका आणि माझ्या हातून मरतोय! मला दुसरं काही सुचलं नाही. मी कापडाची लाकडी फुटपट्टी धुतली, टाकीत घातली आणि त्याला हलकेच सरळ केला. तो पुन्हा उताणा. मी पुन्हा सरळ. तो हट्टी, मी त्याहून. सकाळी दुकान उघडायच्या आधी, दुपारी जेवण झाल्यावर, संध्याकाळी दिवा लावताना, माझं आपलं चालू. गिऱ्हाइकाला म्हणायचे, थांबा हं, मासा सरळ करून आले. सहा दिवस! सहाव्या दिवशी तो कोपऱ्यात गेला आणि तिथून हलेना. खाणं बंद, परांच्या कडा उसवलेल्या.

शेवटी बरणीत घालून त्याला टाकीतले मासे विकणाऱ्या मासेवाल्याकडे नेला. दुकानात चार माणसं होती. मी सांगितलं, याचा तोल गेलाय, सारखा उलटा होतो, औषध द्या. मासेवाला आधी हसला नाही, हे त्याचं मोठेपण. मग हसला. आणि मग ती चार माणसंही. म्हणाला, बाई, हा उलटाच पोहतो. पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून तसाच खातो. त्याचं पोट बघा, पाठीपेक्षा काळं आहे, कारण त्याची वरची बाजू तीच. त्याला सरळ केलंत तर तो जेवणार कसा? मग विचारलं, किती दिवस सरळ करत होता? मी दोन म्हणाले. चार लोकांत सहा म्हणवेना.

बसमध्ये बरणी मांडीवर होती. तो आत आपला उलटा, शांत. आणि मी, काय सांगू, मला एकदम रडूच आलं. शेजारची बाई म्हणाली, मासा गेला का? मी म्हटलं, नाही हो, सून गेली. ती बिचारी घाबरून पुढच्या सीटवर जाऊन बसली.

घरी येऊन तुझा कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. ओंडका परत ठेवला, दाढीवाला त्याच्याखाली गेला, कुंडी ज्याची त्याला मिळाली. पाणी थोडं थोडं करून बदललं. आता चारही जातींचं छान चाललंय, कुणी कुणाच्या वाटेला जात नाही. उलटा रात्रीचा जेवतो, मी बघायला जात नाही, त्याला माझा धसका आहे. मात्र तळाशी फिरणाऱ्या त्या सहा छोट्यांपैकी एक गेला, त्या गढूळ पाण्यात. तो माझ्यामुळे गेला. फोनवर मी सहाच सांगत होते.

आता मुद्दा. त्या दिवशी दुकानात शाळेच्या मोठ्या बाई कोट न्यायला आल्या होत्या. त्यांच्यादेखत मी तुझ्या डाव्या हातातली कात्री काढून उजव्या हातात दिली आणि म्हटलं, दोन वर्षं सांगतेय, सरळ हाताने काप. तू कात्री खाली ठेवलीस, गळ्यातली टेप खुंटीला अडकवलीस आणि आठ दिवसांत तुम्ही दोघांनी गावाच्या दुसऱ्या टोकाला खोल्या घेतल्या. मी सगळ्यांना सांगत फिरले की सुनेला राग फार. परवा बाजारात डावखुऱ्यांची कात्री मागितली. अशी असते हेच मला माहीत नव्हतं. घरी आणून माझ्या उजव्या हाताने एक कफ कापायला घेतला. कापड कापेचना, पात्यांत दुमडून बसलं, काप खडूच्या रेघेच्या एक बोट बाहेर गेला आणि अंगठ्याला फोड आला. एका कफात! तू माझ्या कात्रीने दोन वर्षं कापत होतीस, आणि वर मी म्हणायचे, हिचा काप तिरका येतो. चुकले गं. टाकी न्यायची तर ने, तुझीच आहे. पण तुझं टेबल मी फिरवून ठेवलंय, उजेड आता उजवीकडून येतो, म्हणजे हाताची सावली कापडावर पडणार नाही. कात्री टेबलाच्या डाव्या खिळ्याला टांगली आहे. तिला कुणी हात लावायचा नाही, असं तुझ्या सासऱ्यांना बजावलंय. त्यांनी तेच मला बजावलंय.

तुझीच,
फुटपट्टी कपाटात ठेवलेली
सासू